गजभिये काकांचे पाहुणे

अमेरिकेतल्या काकांवर लिहितोय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोण आलं ते मला माहिती आहे. गुडघ्यापर्यंतची हाफ पँट, पोटावर कुठल्याशा बँकेनं फुकट दिलेला टी-शर्ट, दारात दोन गाड्या आणि तोंडात 'आपल्या हापूसची सर नाही'. सॉरी. तसले काका मला येतात, पाच मिनिटांत करून दाखवतो, पण आज ते नाहीत. आजचे काका रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून, घरापुढच्या वाफ्यापाशी उभे राहतात आणि मधमाश्यांना म्हणतात, "या. बसा. पानी घेता का?"

आता तुम्ही म्हणाल, कळलं. एकटा म्हातारा, परदेश, माश्यांशी गप्पा, शेवटी डोळ्यांत पाणी. तेही नाही. शेवटी मला शिव्या बसल्यात, एवढंच आहे.

मी बार्शीचा. नकला हा एकच विषय, ज्यात मला कधी शिकवणी लावावी लागली नाही. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करताना हेडमास्तरांनीच पकडलं, ऑफिसात नेऊन पुन्हा करायला लावली, हसले आणि मग मारलं. तेव्हापासून मला कळलं की हसणारा माणूस आपल्या बाजूचा असेलच असं नाही. कळलं, पण लक्षात राहिलं नाही.

मास्टर्स करायला कोलंबसला आलो आणि डब्लिनमध्ये गजभिये काकांच्या बेसमेंटला राहायला लागलो. काकू आधीच वारलेल्या, वर काका एकटेच. डब्लिन म्हणजे आयर्लंडचं नाही, ओहायोचं. गावात सिमेंटच्या कणसांचं एक शेत आहे, माणसापेक्षा उंच कणसं, त्यावर माशी बसत नाही. बाकी सगळं हिरवंगार, एका उंचीला कापलेलं. घरं अशी की दुसऱ्याच्या घरात शिरलो तरी बाथरूम सापडतं.

पहिल्या दिवशी काकांनी मला सोफ्यावर बसवलं. समोर बुद्धाची मूर्ती आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, ज्याची महाराष्ट्रात कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. काका म्हणाले, "हे बघा पाटील, माझ्या घरात नियम एकच. हिसॉपात पाणी घालायचं नाही."

मला ऐकू आलं, हिशोबात पाणी घालायचं नाही.

मी मनात म्हटलं, वा, काय तत्त्वाचा माणूस आहे. मान डोलावून म्हणालो, "नाही काका, आमच्या घरात पण कधी कुणी घातलं नाही." काकांनी विचारलं, "तुमच्याकडे पण आहे?" मी म्हटलं, "म्हणजे काय, आजोबांपासून." ते एकदम खूश झाले. "बार्शीत येतं? मला वाटलं होतं तिथं फार गरम." पुढचा पाव तास आम्ही दोघं आपापल्या गोष्टीबद्दल बोललो आणि एकमेकांना पटलो. मग ते मला घरापुढे घेऊन गेले आणि माझ्या प्रामाणिक आजोबांचं झुडूप झालं.

हिसॉप म्हणजे गुडघ्याएवढं झाड. पान बारीक, तुळशीपेक्षा कडक. बोटांत चुरगळलं की पुदिना आणि कापूर एकत्र करून कुणी नाकाशी धरल्यासारखा वास. चावलं की कडू, आणि लगेच नाही, जरा थांबून. उन्हाळ्यात निळे-जांभळे तुरे येतात, आणि त्यावर माश्या अशा येतात की लांबून वाटावं झाड कुरकुरतंय. मुळाशी पाणी साचलं की मरतं. इथली माती चिकट, म्हणून काकांनी ती उकरून टाकून खडी भरली होती. शेजाऱ्यांचं लॉन पाण्याशिवाय पिवळं पडायचं आणि काकांचं हिसॉप तहानलेलं राहून फुलायचं. "याला लाड सोसत नाहीत," काका म्हणायचे. "आपल्यासारखं आहे."

घरी येणाऱ्याला काका या पानांचा चहा देत. घरी येणारा म्हणजे मी. पहिल्या घोटाला माझं तोंड जे झालं ते बघून म्हणाले, "प्या. तोंडाला वळण लागेल." माझ्या तोंडाला वळणाची गरज आहे हे त्यांना इतक्या लवकर कसं कळलं कोण जाणे.

नकलाकार माणसाला समोरच्याचा आवाज आधी दिसतो, चेहरा नंतर. काकांचे आवाज तीन होते. पहिला अमेरिकन लोकांसाठी. त्यात प्रत्येक वाक्याआधी "ॲब्सोल्यूटली" आणि शेवटी एक बारीक हसू. दुसरा मराठी लोकांसाठी, अगदी पुस्तकी. त्यात ते 'ण' असा उच्चारत की जिभेवर ठेवून, दोनदा तपासून, मग बाहेर सोडल्यासारखा. पाणी. लोणी. आपण. कुणी झोपेतून उठवलं तरी ण चुकायचा नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पुण्याचे लोक "आप्ल्याला" म्हणून मोकळे व्हायचे आणि काका मात्र "आपणांस".

तिसरा आवाज फक्त माश्यांसाठी. मी बेसमेंटच्या खिडकीतून ऐकायचो. ती खिडकी जमिनीलगत, बरोबर वाफ्याला लागून, त्यामुळे मला काकांचे फक्त बूट आणि आवाज मिळायचा. "अबे, काल कुठी होता? वाट पाहून राहिलो ना मी." त्या आवाजात ण नव्हताच. पानी, लोनी, कोनी. तो आवाज पायजमा घातलेला होता. दोन्ही तंगड्या वर घेऊन बसलेला होता.

मला कधी त्यांनी तो आवाज दिला नाही. मला 'पाटील' आणि 'अहो'. माझ्यापेक्षा माश्या जवळच्या.

आणि माश्या म्हणायचं नाही. पाहुणे म्हणायचं. काळे-पिवळे जाडे भुंगे यायचे, त्यांना काका म्हणत जावई. "येतात, घुमतात, खातात, कुणाला चावत नाहीत, पण दरारा बघा." एक चकचकीत हिरवी माशी होती, ती मावशी, "लग्नाला हिरवा शालू नेसून आली आहे, बसायची नाही, नुसती मिरवणार." फुलपाखरू म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. "आले, पंख दाखवले, गेले. काम जावई करतात." पाहुण्यांसाठी मातीच्या ताटलीत पाणी असायचं आणि त्यात काचेच्या गोट्या, म्हणजे पाणी पिताना कुणी बुडू नये. ते पाणी काका रोज बदलत. साधं नळाचं नाही, नळाचं पण रात्रभर उघडं ठेवलेलं. क्लोरीन उडून जावं म्हणून.

हे त्यांना कळणारच होतं, कारण जन्मभर त्यांनी पाणी तपासलं. नागपूरहून केमिस्ट्री शिकून आलेले, आणि शहराच्या पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथंच. त्यांनी सही केल्याशिवाय पाणी नळाला जायचं नाही. एकदा सिंकपाशी ग्लास भरताना म्हणाले, "अख्खं गाव माझ्या हातचं पाणी प्यायलं, पाटील." मग ग्लास उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "फक्त माझ्या घरी येऊन नाही प्यायलं."

मी हसलो. मला वाटलं, पंच आहे. टायमिंग तसंच होतं.

मला खरंच कळलं नव्हतं, आणि त्याचं कारण सोपं आहे. इथं मराठी माणूस भेटला की आधी गाव विचारतो, मग आडनाव विचारतो. मी 'पाटील' म्हणतो आणि तो म्हणतो, या एकदा जेवायला. मग मी जातो. त्यामुळे आडनावानंतर दुसरंही काही येऊ शकतं, हे मला कधी दिसलंच नव्हतं. काका 'गजभिये' म्हणायचे, आणि समोरचा म्हणायचा, "अच्छा अच्छा." बस. तिथंच गाडी वळायची. तो 'अच्छा अच्छा' मी किती वेळा ऐकला असेन, अगदी हुबेहूब काढतो मी तो, पण त्याचा अर्थ काढायचं काही सुचलं नव्हतं.

शेजारी बेट्टी म्हणून एक आजी राहतात. दर रविवारी चर्च, एरवी कुंपणाशी. त्यांनी एकदा हिसॉपचा तुरा हुंगून सांगितलं, की फार जुन्या काळी त्यांच्या धर्मात या झाडाची जुडी पाण्यात बुडवून माणसावर शिंपडायचे, म्हणजे माणूस शुद्ध व्हायचा. काका पहिल्या आवाजात म्हणाले, "ॲब्सोल्यूटली, व्हेरी इंटरेस्टिंग." मग त्या आत गेल्यावर कंबरेवर हात ठेवून ते त्या झाडाकडे बघत राहिले. "शिंपडून शुद्ध करणारे आमच्या गावाला पण होते," ते मला म्हणाले. "माझा आजोबा ज्या ओट्याला टेकला तो ओटा शुद्ध करायचे. तेव्हा झाड नव्हतं, गोमूत्र होतं." मग जरा वेळानं, "सुगंधाच्या बाबतीत ही माणसं पुढारलेली म्हणायची."

पुन्हा मी हसलो. ते नाही हसले.

तर, मधमाश्या यायच्या आणि माणसं यायची नाहीत. आमच्या मराठी मंडळात काकांना मान मोठा. कुणाच्या पोराला केमिस्ट्री अडली, काका. एअरपोर्टला सोडायचं, काका. घरी पाण्याला वास येतोय, काका बाटलीत नमुना घेऊन हजर. मेधा काकू मंडळाच्या सेक्रेटरी, त्यांचे सतीश काका. या दोघांच्या मुलीला गजभिये काकांनी पूर्ण वर्ष शिकवलं, त्यांच्याच घरी जाऊन. मेधा काकू माणूस म्हणून सोन्यासारख्या, हे मी आजही सांगतो. मला ताप आला तेव्हा मऊ भात आणि मेतकूट घेऊन आल्या होत्या. दारापर्यंत. दारात डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आत नाही रे येत, ह्या माश्या बघ ना किती."

ही माश्यांची सबब सगळ्यांची होती. फोनवर मी ऐकायचो. काका कुणाला म्हणायचे, या ना चहाला. पलीकडून काहीतरी यायचं. आणि काका जोरात, अगदी आनंदानं म्हणायचे, "हो हो, माश्या फार आहेत बुवा. नाहीच जमायचं तुम्हांला. बरोबर आहे." फोन ठेवून शीळ घालायचे. माणसाला नकार मिळाल्यावर शीळ येते हे मी पहिल्यांदा बघत होतो. आणि आणखी एक, हिसॉप दर वर्षी सरकत होतं. पहिला वाफा रस्त्याच्या कडेला होता. मग पायवाटेच्या दोन्ही बाजूंना. मी आलो त्या वर्षी तो दारापर्यंत पोचला होता. बेल वाजवायला हात पुढे केला तर कोपराला जावई लागायचा.

मला वाटायचं, म्हाताऱ्याला कळत कसं नाही. ज्या झाडामुळे लोक येत नाहीत, तेच झाड दारात.

उन्हाळ्याच्या स्नेहसंमेलनात मला नकलांना वीस मिनिटं दिली. एअरपोर्टवरचा इमिग्रेशनवाला झाला, आईचा व्हिडिओ कॉल झाला, लोक हसले. मग मी काका काढले. आधी दुसरा आवाज, 'आपणांस'. लोक हसले. मग मला मोह झाला आणि मी तिसरा काढला. कंबरेवर हात, मान तिरकी. "या ना बाप्पा. बसा. पानी घेता का?"

हॉल फुटला. 'पानी'ला सगळ्यात मोठा हशा. मेधा काकू डोळे पुसत होत्या. काका तिसऱ्या रांगेत होते, तेही हसत होते, पण ते बारीक हसू, पहिल्या आवाजाचं, अमेरिकन लोकांसमोर असतं ते. मला ते दिसलं. पण हशा चालू असताना गाडी कोण थांबवतं. मी त्याच आवाजात पुढे म्हणालो, "रविवारी सगळे या माह्याकडं जेवाले. लेकराबाळाईले घेऊन या. पाहुने काही करत नाहीत, ते आपल्या कामात असतात."

टाळ्या. कार्यक्रम संपल्यावर लोक काकांभोवती जमले. पाठीवर थापा. "काय हो, रविवारी येतोय हां." "मेन्यू काय?" सतीश काका म्हणाले, "यार, इतकी वर्षं यायचं राहूनच गेलं बघा." काका प्रत्येकाला म्हणत होते, "या. नक्की या. वाट पाहीन." पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "हे लोक खरंच येतील का हो?"

मी म्हटलं, "येणार म्हणजे काय. तोंडावर बोललेत."

"हो," काका म्हणाले. "तोंडावर बोललेत खरे."

त्यानंतरचा आठवडा काका जमिनीवर नव्हते. टेबलक्लॉथला इस्त्री. पाटवडीचा रस्सा की भरली वांगी, शेवटी दोन्ही. वडाभात. सगळं शाकाहारी, म्हणजे कुणाला काही म्हणायला नको. कांदा-लसूण नसलेली एक वेगळी भाजी. कागदी ताटं, पॅकेटमधली, कुणी न वापरलेली. आणि मग त्यांनी गॅरेजमध्ये सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचा एक ढीग आणून ठेवला. बाटलीतल्या पाण्याला जन्मभर नावं ठेवणारा माणूस. मी विचारलं, "काका, बाटल्या? तुम्ही?"

"सील असलेलं बरं," ते म्हणाले. "कुणाला अडचण नको."

शनिवारी मेधा काकूंचा मला फोन. रविवारी किती वाजता वगैरे. मग म्हणाल्या, "अरे, ते सगळं ठीक आहे रे, पण त्या माश्यांचं काय? लहान मुलं आहेत. माश्या नसत्या तर बघ, कधीच आलो असतो." अगदी मनापासून म्हणाल्या. मी विचार केला. सगळ्या गावाची अडचण एकच, आणि ती माझ्या खिडकीसमोर उगवलेली. काका इंडियन स्टोअरला कोथिंबीर आणायला गेले होते. गॅरेजमध्ये कात्री होती.

आमच्या बार्शीकडे म्हण नाही, पण असायला हवी: शहाण्याला कात्री देऊ नये.

मी मुळापासून उपटलं नाही, एवढं सांगतो. वीतभर बुंधे ठेवले. दारापासून रस्त्यापर्यंत सगळे तुरे कापून पिशव्यांत भरले, आणि हात तो वास धुऊन धुऊन जाईना. पाहुणे थोडा वेळ माझ्या डोक्याभोवती फिरले. कुणी चावलं नाही. सवयच नव्हती त्यांना.

काका आले. गाडीतून उतरले. वाफ्याकडे बघितलं, पिशव्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सरप्राइज, काका. आता कुणाला भीती नाही." त्यांनी खाली पडलेला एक तुरा उचलला, बोटांत चुरगळला, हुंगला. म्हणाले, "कांदे डिकीत आहेत. आणा, पाटील." दुसऱ्या आवाजात. ण वगैरे सगळे जागच्या जागी. मला वाटलं, निभावलं.

रविवारी काका नव्या शर्टात दारात उभे राहिले. रस्सा तयार, तर्री वर आलेली, घरभर वास. पहिला मेसेज ग्रुपवर आला, आज आमच्याकडे अचानक पाहुणे, सॉरी. मग एक, मुलाला सर्दी. मग एक, अगं मी विसरलेच, आज आमची एकादशी. खाली लगेच चार जणांचं, हो ना, आमची पण. इतके लोक एकादशी करतात हे मला माहिती नव्हतं. त्यातल्या एकाबरोबर मी मागच्याच एकादशीला चिकन विंग्ज खाल्ल्या होत्या. एकानं तर जुन्या सवयीनं टाकलं, यायची फार इच्छा होती पण माश्या. त्याला बिचाऱ्याला बातमी पोचली नव्हती.

सतीश काका मात्र आले. गाडी रस्त्यावरच, इंजिन चालू, काच अर्धी खाली. त्यांनी मान बाहेर काढून वाफा बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे," ते म्हणाले, "माश्या कुठे गेल्या?"

"कापलं काका सगळं," मी म्हणालो. "या, उतरा."

त्यांच्याकडे बघून मला शाळेतला वाघमोडे आठवला. तो रोज सांगायचा, वही कुत्र्यानं खाल्ली, आणि एक दिवस मास्तर त्याच्या घरी गेले तर घरी कुत्रं नव्हतं. तोच चेहरा. सतीश काकांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा आरशात बघितलं. गजभिये काका पायवाटेवरून खाली आले, हातात सीलबंद बाटली. "घ्या," म्हणाले, "उन्हाचे आलात." सतीश काकांनी ती घेतली, सील तपासलं नाही, पण उघडलीही नाही. बाजूच्या सीटवर ठेवली. मिठाईचा एक बॉक्स खिडकीतून दिला. "मेधाला बरं नाही हो जरा. पुन्हा कधीतरी निवांत." काच वर गेली.

काका त्या गाडीला हात करत राहिले, ती वळणावर गेल्यावरही.

बेट्टी आजी आल्या, त्या तेवढ्या पोटभर जेवल्या. तर्रीनं डोळ्यांतून पाणी काढत दोनदा रस्सा घेतला, डबाही भरून नेला. त्या गेल्यावर काका दारात जाऊन बसले, पायरीवर. बुंध्यांवर दोन-तीन जावई घिरट्या घालत होते, बसायला जागा शोधत. काका त्यांना म्हणाले, "नाई आता काही. जा. दुसरं पाहा कुठी."

मी मागे उभा होतो. गरमीनं घसा सुकला होता, म्हणून गॅरेजमधली एक बाटली उघडली होती. तोंड उघडलं मी, माझी चूक. "काका, मला वाटलं माश्यांमुळेच—"

ते वळले. आणि पहिल्यांदा माझ्याशी तिसऱ्या आवाजात बोलले.

"तुले कोनं सांगतलं होतं बे कापाले? कोनं? माश्यामुळं येत नाईत म्हने. अबे, म्हनाले काहीतरी पाह्यजे ना त्याईले. आधी उपास म्हनत, मंग सर्दी म्हनत, मंग डाएट. तुही काकू हर वेळी सैपाक करून बसे अन् दुसऱ्या दिवशी डब्यात भरून फ्रीझरमधी ठेवे. मरेपर्यंत मले इचारत होती, आपलं काय चुकते जी, मीठ जास्त होते काय माह्या हातून? काय सांगू तिले? मीठ बराबर होतं, असं सांगू?

"ते गेली, मंग हे झाड लावलं. माश्या आल्या. अन् लोक म्हनाले लागले, गजभियेकडं माश्या हायेत म्हनून जात नाई. माश्या, समजलं तुले? गजभिये नाई. माश्या. त्याईले खोटं बोलाले तोंड लपवा लागे नाई, अन् मले आयकाले बरं वाटे. अशी चांगली सबब जन्मात कोनी देल्ली नव्हती मले, मीच माही पेरली होती. दरवर्षी वाढवून राहिलो होतो. तू मोठा शहाना. स्टेजवर माहा आवाज घेऊन लोकाईले बोलावते, अन् घरी येऊन माही सबब कापते. आता काय म्हनतीन ते? अन् मी काय आयकू?

"हिसॉप नव्हतं ते पोट्ट्या. हिशोब होता माहा. बराबर बसला होता. तू त्याच्यात पानी घातलं.

"अन् उभा काहून हायस खांबावानी? बस इथं. इतकं केलं हाय, खाईन कोन, तुहा बाप? अन् ते बाटली ठेव आधी खाली. माह्या घरात राहून बाटलीचं पानी पेते, लाज नाई वाटत? नळाचं पे. तपासेल हाय ते."